कृपासदनाचे दार
पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या जीवनावरून एक मनन



रविवारची उपासना संपली की आपण मंदिराच्या आवारात थोडा वेळ थांबतो. एकमेकांची विचारपूस होते, आजाऱ्यांची चौकशी होते आणि बोलता बोलता कोणा एका गैरहजर व्यक्तीचे नाव निघते. मग आवाज खाली येतो. अमक्याची मुलगी घर सोडून गेली, तमक्याचा मुलगा पुन्हा पिऊ लागला, अमकी बाई हल्ली प्रभुभोजनाला येत नाही, असे विषय निघतात. शेवटी आपण हळहळतो आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायला हवी, असे म्हणून घरी जातो. घरी पोहोचेपर्यंत प्रार्थनेचा विसर पडलेला असतो. त्या व्यक्तीला दिलेला दोष मात्र मनात पक्का बसलेला असतो.

प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात याच सवयीवर बोट ठेवले. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ काढायला निघालेल्या माणसाला त्याने स्वतःच्या डोळ्यातील मुसळाची आठवण करून दिली. लूककृत शुभवर्तमानात तर दोष लावू नये या आज्ञेच्या अगदी आधी, स्वर्गीय पित्यासारखे दयाळू होण्याची आज्ञा आहे. या दोन आज्ञा शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, हे विसरून चालणार नाही. दोष लावण्याचे थांबवून स्वस्थ बसणे एवढेच प्रभूला अपेक्षित नाही. रिकाम्या झालेल्या त्या जागी दयेचे काम उभे राहावे, अशी त्याची इच्छा आहे.

हे काम प्रत्यक्षात कसे उभे राहते, हे पाहण्यासाठी आज आपण एका ओळखीच्या जीवनाकडे पुन्हा वळू या. पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नसलेला मराठी ख्रिस्ती वाचक सापडणे कठीण. त्यांची विद्वत्ता, त्यांचे केडगावचे कार्य आणि त्यांचे पवित्र शास्त्राचे भाषांतर यांविषयी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण या बाईंना आयुष्यभर किती जणांनी दोष लावला आणि दोषाच्या त्या माऱ्यात त्यांनी कोणासाठी दार उघडे ठेवले, या बाजूने त्यांचे चरित्र आपण क्वचितच वाचतो.

पंडितसभेपुढे उभे राहिलेले घर

रमाबाईंच्या जन्मापूर्वीच त्यांच्या घरावर आरोप ठेवला गेला होता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण. त्यांचा अपराध एवढाच, की त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. स्त्रीला देवभाषा शिकवणे हे त्या काळच्या समाजाला पाप वाटत होते. उडुपी येथील पंडितसभेपुढे शास्त्रीबुवांना जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्राचेच आधार काढून दाखवले आणि स्त्रियांना विद्या देण्यास धर्माची आडकाठी नाही, असे प्रतिपादन केले. तरीही लोकांच्या रोषापासून दूर, पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात त्यांनी आपले बिऱ्हाड हलवले. त्याच रानात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

पुढे दारिद्र्य आले आणि हे कुटुंब तीर्थाटनाला निघाले. गावोगावच्या देवळांत पुराण सांगावे आणि मिळेल त्या दक्षिणेवर पोट भरावे, असा त्यांचा क्रम होता. लहानग्या रमेला आईने चालता चालता हजारो श्लोक मुखोद्गत करून घेतले. मग दुष्काळाची वर्षे आली. श्लोक पाठ होते, पण हातांना कष्टाच्या कामाची सवय नव्हती, आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. १८७४ च्या सुमारास वडील गेले आणि त्यांच्या मागोमाग आईही गेली. पुढे थोरली बहीणही पटकीने दगावली.

आईच्या मृत्यूची हकीकत अंगावर काटा आणणारी आहे. आई ग्लानीत अन्न मागत होती म्हणून ही तरुण मुलगी शेजारच्या घरी भाकरी मागायला गेली. तेथे तिच्या तोंडून शब्द फुटेना. आई गेल्यावर तिरडीला खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळाली नाहीत. कशीबशी दोन माणसे आली. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी स्वतः रमा. अंगाने ठेंगणी असल्यामुळे तिने ती तिरडी डोक्यावर घेतली आणि काही मैलांवरच्या स्मशानापर्यंत नेली.

वाचकहो, हे दृश्य मनात जपून ठेवा. पुढे दुष्काळातील मुलींना गोळा करीत फिरणाऱ्या रमाबाई आपल्याला भेटतील, तेव्हा त्यांच्या पाठीमागे डोक्यावर तिरडी घेतलेली ही मुलगी उभी आहे, याची आठवण ठेवली पाहिजे.

मान मिळाला, दोषही मिळाला

बहीणभाऊ पायी फिरत फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. मात्र मान देणारा समाज तिला स्वतःच्या मनाने जगू देण्यास तयार नव्हता. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मणेतर होते, प्रांत वेगळा होता आणि भाषाही वेगळी होती. या विवाहामुळे दोघांनाही जवळच्या माणसांचे बहिष्कार सोसावे लागले. आसामातील सिलचर येथे त्यांचा संसार झाला. १८८१ साली मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचा अंत झाला.

अवघ्या तेवीस वर्षांच्या वयात, कडेवर तान्हे मूल घेतलेली ही विधवा पुण्यास आली. तेथे त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन, स्त्रियांना स्त्री शिक्षिका व स्त्री वैद्य यांची किती निकड आहे, ते मांडले. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या. कानांना ऐकू कमी येत असल्यामुळे ती इच्छा पुरी झाली नाही. पण देवाने त्यांना तेथे दुसरेच काही दाखवायचे ठरवले होते.

फुलहॅममध्ये काय दिसले

इंग्लंडमध्ये रमाबाई वाँटेज येथील भगिनीमंडळात उतरल्या होत्या. हवापालटासाठी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम येथील शाखेत पाठवण्यात आले. तेथे भगिनी एक आश्रयगृह चालवीत होत्या. समाजाने 'पतित' असा शिक्का मारलेल्या स्त्रियांना तेथे ठेवून घेत असत, त्यांची शुश्रूषा करीत असत आणि त्यांना नव्याने आयुष्य सुरू करण्यास मदत करीत असत. पूर्वी त्याच गृहात आश्रयाला आलेल्या काही स्त्रिया रमाबाईंना भेटल्या. त्या आता स्वतः आजाऱ्यांची आणि दुबळ्यांची सेवा करीत होत्या.

रमाबाई विस्मित झाल्या. वाट चुकलेल्या स्त्रीसाठी शिक्षा असते आणि प्रायश्चित्त असते, हे त्यांना धर्मशास्त्रांच्या अभ्यासातून ठाऊक होते. ग्रंथांतील काही शिक्षा तर फार कठोर होत्या. पण अशा स्त्रीला परत बोलवावे, तिला प्रेमाने जवळ करावे आणि ती बदलू शकते यावर विश्वास ठेवावा, हे त्यांनी तोपर्यंत कोठे पाहिले नव्हते.

त्यांनी आपल्याला शिकवणाऱ्या भगिनीला सरळ प्रश्न केला, की ख्रिस्ती लोक असे का करतात? भगिनीने उत्तरादाखल योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडला आणि शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. भर दुपारी एकटी विहिरीवर आलेली ती बाई, पाच नवरे झालेली, परक्या जातीची. तिच्याकडे येशूने पाणी मागितले. तिचे सारे आयुष्य त्याला ठाऊक होते. ते त्याने तिच्यापासून लपवले नाही आणि त्यावरून तिला हिणवलेही नाही. खऱ्या उपासनेविषयीची आपली सर्वांत खोल शिकवण त्याने तिलाच दिली.

आपल्या देशातील पददलित स्त्रीला वर काढू शकेल असा कोणी असेल तर तो हाच ख्रिस्त, अशी रमाबाईंची त्या क्षणी खात्री झाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या गोरे यांच्या लेखनानेही त्यांच्या बुद्धीचे समाधान केले होते. पण हृदयाचे दार उघडले ते फुलहॅमच्या त्या आश्रयगृहाने.

येथे एक सावधगिरी बाळगू या. हे वाचून ख्रिस्ती समाज तेवढा दयाळू आणि इतर समाज निर्दय, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्याच काळातील इंग्लंडची प्रतिष्ठित मंडळी अशा स्त्रियांशी कठोरच वागत होती. १८६४ पासून तेथे असे कायदे होते, की लष्करी ठाण्यांच्या गावांत केवळ संशयावरून पोलीस कोणाही स्त्रीला धरीत आणि तिची सक्तीने तपासणी करवीत. पुरुषाला मात्र कोणी विचारीत नसे. जोसेफिन बटलर या ख्रिस्ती बाईने वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा कोठे १८८६ साली ते कायदे रद्द झाले. रविवारी मंदिरात जाणाऱ्या समाजातच ही स्थिती होती. दया ही कोणत्याही समाजाची वडिलोपार्जित मालमत्ता नाही. ख्रिस्ताच्या पायाशी बसून ती प्रत्येकाला नव्याने शिकावी लागते.

दोन्ही बाजूंनी आलेले दगड

रमाबाईंच्या बाप्तिस्म्याची बातमी पुण्याला पोहोचली तेव्हा संतापाची लाट उसळली. कालपर्यंत ज्यांनी त्यांची व्याख्याने ऐकली होती, त्यांतील अनेकांना हा विश्वासघात वाटला. जोतीराव फुले यांच्यासारख्या मोजक्या माणसांनी त्यांची बाजू घेतली.

पण दोष लावणारे केवळ स्वदेशातच होते, असे समजू नका. ज्या ख्रिस्ती मंडळीने त्यांना पोटाशी धरले, तिच्यातूनही आरोप येऊ लागले. रमाबाई एखादी शिकवण केवळ सांगितली म्हणून मान्य करीत नसत. त्रैक्याविषयी, मंडळीच्या अधिकाराविषयी त्यांनी शंका विचारल्या. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. क्रूसावर लॅटिन शब्द कशाला, आपल्या लोकांना समजतील असे संस्कृत शब्द का नकोत, असे त्यांनी विचारले. खाण्यापिण्यावरूनही वाद झाला. त्या शाकाहारी होत्या आणि अंडेही घेत नसत. हा जातीचा जुना अभिमान आहे, असे त्यांच्या धर्ममाता भगिनी जेराल्डीन यांना वाटले. गर्विष्ठ, हट्टी आणि अस्थिर अशी दूषणे त्यांना त्यांच्याच विश्वासबंधूंकडून ऐकावी लागली.

वाचकहो, येथे आपल्याला भगिनी जेराल्डीन यांना दोष देण्याचा मोह होतो. जरा थांबू या. याच बाईंनी रमाबाईंच्या लेकीला मायेने सांभाळले. मतभेद इतके तीव्र असूनही रमाबाईंची पत्रे त्यांनी जपून ठेवली आणि त्यांचा संग्रह केला. त्या पत्रांत स्वतः जेराल्डीन यांच्या विरुद्धचे युक्तिवादही होते. तरी त्यांनी ती नष्ट केली नाहीत, म्हणून आज आपल्याला दोन्ही बाजू कळतात. चुकीचा न्याय करणारे माणूसही अंतःकरणाने प्रेमळ असू शकते. आपण ज्यांना कठोर समजतो त्यांच्याविषयीही हे खरे असेल.

१८८६ साली रमाबाई अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी यांना वैद्यकीय पदवी मिळाली त्या समारंभाला त्या फिलाडेल्फियात हजर होत्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली निघाले आणि त्यातून मिळालेल्या सहानुभूतीवर बोस्टनला त्यांच्या कार्यासाठी संघ स्थापन झाला. मायदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले. गोदूबाई ही तेथे शिकलेली पहिली विधवा. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी विवाह केला आणि आनंदीबाई कर्वे म्हणून ती महाराष्ट्राला परिचित झाली.

शारदा सदनात धर्मशिक्षण सक्तीचे नव्हते. मुलींना आपापल्या रीतीप्रमाणे राहण्याची मोकळीक होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. यावरून १८९३ साली मोठे वादळ उठले. केसरीने कडक टीका केली. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. पालकांनी वीसपेक्षा जास्त मुली काढून नेल्या.

या गृहस्थांकडेही आपण दयेने पाहू या. रानडे आणि भांडारकर यांनी विधवांच्या शिक्षणासाठी स्वसमाजाचा रोष पत्करला होता. शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, अशी त्यांची समजूत होती आणि पालकांना त्यांनी तसा भरवसा दिला होता. रमाबाईंच्या दृष्टीने उघडे दार ही सक्ती नव्हती, तर त्यांच्या दृष्टीने तो भरवशाचा भंग होता. दोन प्रामाणिक बाजू एकमेकींना दुरावल्या. इतिहास वाचताना आपण न्यायाधीशाच्या आसनावर फार चटकन बसतो.

आधी स्वतःचा हिशेब

बाहेर ही वादळे उठण्यापूर्वीच रमाबाईंच्या अंतरंगात एक बदल घडून आला होता. बाप्तिस्म्याला सुमारे आठ वर्षे झाली होती. सेवाकार्य जोरात चालू होते. तरीही आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, ही जाणीव त्यांना बोचू लागली. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मसेवकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हा मनुष्य उपदेशक असूनही स्वतः तारणाला पारखा होता आणि पुष्कळ उशिरा त्याला आपली गरज उमगली. ते वाचून १८९१ च्या सुमारास रमाबाईंनी स्वतःचा हिशेब मांडला. आपली विद्वत्ता, आपला त्याग, आपली सेवा यांपैकी काहीही आपल्याला देवापुढे उभे करू शकत नाही, हे त्यांनी ओळखले. शोमरोनी स्त्रीला जी दया लागली, तीच आणि तेवढीच दया पंडितेलाही लागते, हे त्यांच्या ध्यानी आले.

माझ्या मते कृपासदनाचा खरा पाया येथे घातला गेला. आपण वरच्या पायरीवर उभे राहून खालच्या माणसाला हात देतो, तेव्हा त्या हातात दयेबरोबर थोडा तिरस्कारही असतो. तो घेणाऱ्याला बरोबर जाणवतो. स्वतः क्षमा पावलेला मनुष्य मात्र त्याच पायरीवर बसून हात पुढे करतो.

केडगावचे माळरान

यानंतर रमाबाईंनी उत्तरेकडील तीर्थक्षेत्रांचा प्रवास केला. वृंदावनात त्या साध्या यात्रेकरूच्या वेषात राहिल्या आणि देवाच्या नावाने आलेल्या निराधार विधवांचे शोषण कसे होते, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. समाज ज्यांना पापिणी म्हणत होता, त्यांतील कितीतरी जणी फसवल्या गेल्या होत्या. त्यांना परतीची वाट उरली नव्हती, आणि तरी दोष त्यांच्याच माथी होता.

१८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात पडला, तेव्हा रमाबाईंच्या जुन्या जखमा जाग्या झाल्या. आपल्या आईबापांनी ज्या भुकेने प्राण सोडले तीच भूक आता हजारो लेकींच्या पुढे उभी आहे, हे त्यांना दिसले. अशा मुलींना फूस लावून नेणारे लोक रस्तोरस्ती टपलेले होते. रमाबाई तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्यांना कोठे ठेवावे हा प्रश्न होता, कारण पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. पुण्याच्या पूर्वेला केडगाव येथे रमाबाईंनी पूर्वीच जमीन घेऊन फळझाडे लावली होती. त्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या आणि पुढे तेथे मुक्ती सदन झाले. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला. तेथूनही मुली आल्या आणि आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दुरून हे चित्र सुंदर दिसते. जवळून ते तसे नव्हते. भुकेने पिळून निघालेल्या मुली शांत, आज्ञाधारक आणि कृतज्ञ नसतात. पोट भरले तरी त्या भाकरी लपवून ठेवीत. त्या भांडत, खोटे बोलत, चोरी करीत. कितीकींच्या अंगावर व्रण होते आणि मनावर त्याहून खोल व्रण होते. अशा मुलीला वाईट ठरवून टाकणे फार सोपे होते. रमाबाईंनी आणि त्यांच्या सहकारिणींनी तिला आंघोळ घातली, तिच्या जखमा बांधल्या, तिला अक्षरे शिकवली आणि तिच्या हाताला काम दिले. विणकाम, शेती, गाईगुरांची निगा, छापखान्यातील खिळे जुळवणे अशी कितीतरी कामे तेथील मुली शिकल्या.

आणि याच आवारात रमाबाईंनी कृपासदन उभारले. ज्यांच्यावर अत्याचार झाले होते, ज्यांना वाममार्गाला लावले गेले होते, ज्यांना घर, जात आणि गाव यांपैकी कोणीही परत घेणार नव्हते, अशा स्त्रियांसाठी ते होते. सोळा-सतरा वर्षांपूर्वी फुलहॅममध्ये पाहिलेले आता मराठी मुलखाच्या माळरानावर साकार झाले. नावाकडे लक्ष द्या. त्यांनी त्याला सुधारगृह म्हटले नाही, पतितागृहही म्हटले नाही. दारावरच्या शब्दात आत येणाऱ्या स्त्रीच्या भूतकाळाचा उल्लेखसुद्धा नव्हता. जे तिला आत मिळणार होते, त्याचेच नाव त्यांनी दाराला दिले.

दया म्हणजे मौन नव्हे

येथे कोणी विचारील, की दोष लावायचा नाही म्हणजे अन्यायाकडे डोळेझाक करायची का? रमाबाईंचे जीवन याचे उत्तर स्पष्ट देते. स्त्रीला ज्ञानापासून वंचित ठेवणाऱ्या रूढींवर त्यांनी आयुष्यभर कडक शब्दांत लिहिले. १८९७ साली पुण्याच्या प्लेगमध्ये सरकारी व्यवस्थेत स्त्रियांची होणारी विटंबना त्यांनी वृत्तपत्रात उघड केली. राज्यकर्ते ख्रिस्ती आहेत म्हणून त्यांनी लेखणी आवरली नाही. सरकारने त्यांच्या तक्रारी नाकारल्या, तरी त्या मागे हटल्या नाहीत. त्याच सरकारने १९१९ साली त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले.

बारकाईने पाहिले तर यात एक रेषा दिसते. बलवानांच्या अन्यायाविरुद्ध त्यांचे शब्द तीक्ष्ण होते, पण पडलेल्या माणसापुढे त्यांचा हात मऊ होता. आपले बहुधा उलटे होते. बलवानांपुढे आपली जीभ टाळ्याला चिकटते आणि दुबळ्यांची चूक दिसली की ती तलवारीसारखी चालू लागते. मंडळीतील श्रीमंत माणसाच्या अप्रामाणिक व्यवहाराविषयी आपण परिस्थिती समजून घेतो, आणि गरीब घरातील मुलीचे पाऊल चुकले की आपल्याला पावित्र्याची आठवण होते. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला परूश्यांनी येशूपुढे आणले तेव्हा तिच्याबरोबरच्या पुरुषाला त्यांनी आणले नव्हते, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. येशूने पापाला पुण्य म्हटले नाही. पुन्हा पाप करू नकोस, हे त्याने तिला सांगितले, पण दगड घेतलेले हात रिकामे झाल्यानंतर सांगितले.

अखेरचे काम

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी आणखी एक दार उघडले. मुक्ती सदनातील साध्यासुध्या स्त्रियांना त्या वेळचे मराठी पवित्र शास्त्र संस्कृतप्रचुर शब्दांमुळे कठीण जात असे. जिला हजारो संस्कृत श्लोक पाठ होते, त्या पंडितेने इब्री आणि ग्रीक भाषा शिकून शास्त्राचे भाषांतर हाती घेतले, आणि तेही सर्वांत कमी शिकलेल्या बाईला समजेल अशा मराठीत. विद्वत्तेचा अभिमान कसा उतरवून ठेवावा, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईंचे निधन झाले. उजवा हात गेल्यासारखे झाले, तरी रमाबाईंनी मुद्रिते तपासण्याचे काम सोडले नाही. ते संपवूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. ते पवित्र शास्त्र त्यांच्या मागे १९२४ साली मुक्ती सदनाच्याच छापखान्यातून संपूर्ण प्रसिद्ध झाले. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. ज्या समाजाने एकेकाळी त्यांना धर्मबुडवी म्हटले, तोच समाज आज त्यांना आपली थोर कन्या म्हणतो. माणसांचे निवाडे असे बदलत असतात. म्हणून तर अंतिम निवाडा देवाने स्वतःकडे ठेवला आहे.

आपल्या दारापाशी

वाचकहो, आपण कलकत्त्यात असा, दिल्लीत असा, बडोद्यात असा की एखाद्या खेड्यातील छोट्या मंडळीत असा, आपल्यासमोरचा प्रश्न एकच आहे. आपल्यापैकी प्रत्येकजण केडगाव वसवू शकणार नाही. पण प्रत्येकाच्या घराला दार आहे आणि प्रत्येकाच्या मनात एक यादी आहे. त्या यादीत अशी काही नावे असतात, ज्यांच्यासाठी ते दार आपण बंद केलेले असते. कधी ती घटस्फोटित पुतणी असते, कधी तुरुंगातून सुटून आलेला शेजारी असतो, कधी व्यसनात बुडालेला सख्खा भाऊ असतो, तर कधी मंडळीतून रुसून गेलेले एखादे कुटुंब असते.

आज रात्री प्रार्थनेला बसाल तेव्हा त्या यादीतील एकच नाव घ्या. त्या व्यक्तीने काय केले, हे देवाला सांगू नका. ते त्याला ठाऊक आहे. आपल्याला स्वतःला किती वेळा क्षमा मिळाली, एवढेच त्याच्यापुढे मोजा. मग उद्या सकाळी एक चिठ्ठी लिहा किंवा एक फेरी मारा. त्या व्यक्तीच्या हातचा चहा घ्या. येशूनेही शोमरोनी स्त्रीकडे प्रथम पाणीच मागितले होते.

याकोबाने आपल्या पत्रात बजावले आहे, की जो दया करीत नाही त्याच्या वाट्याला दयेवाचून न्याय येईल. हा इशारा गंभीर आहे. पण त्याच इशाऱ्याच्या पोटात आशाही आहे. आपण दुसऱ्यासाठी उघडलेल्या दारातूनच आपल्यालाही एक दिवस आत जायचे आहे. त्या दारावर आपल्या भूतकाळाचे नाव लिहिलेले नसावे, अशी आपली सर्वांची इच्छा असते. मग आपल्या दारावर तरी ते दुसऱ्यासाठी का लिहावे?

प्रभू आपल्याला रमाबाईंसारखी दृष्टी देवो, आणि आपल्या हातातील दगड गळून पडोत. आमेन.